वाट वाकडी करण्याचा हक्क

मराठी कुटुंब प्रवासाला निघते ते मोहिमेवर निघाल्यासारखे. पहाटे चारला गजर, साडेचारला चहा, पाचला गाडीपुढे नारळ आणि सव्वापाचला गाडी रस्त्याला लागलीच पाहिजे. न्याहारी अमक्या गावी, जेवण तमक्या गावी आणि दिवेलागणीच्या आत मुक्कामाला. हे वेळापत्रक कोणी केले आणि ते मोडले तर नेमके काय बुडते, असले प्रश्न विचारायचे नसतात. ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी गाडी पोचली की घरातल्या कर्त्या पुरुषाच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते, ते पुढे समुद्र पाहूनही उमटत नाही. रस्ता हा त्याच्या लेखी पार करायचा अडथळा असतो आणि मागच्या बाकावरची माणसे म्हणजे सुखरूप पोचवायचे सामान.

या शिस्तीची टिंगल करावी असा माझा हेतू नाही. सात-आठ माणसे, त्यात एखादे लहान मूल, एखादे म्हातारे माणूस, कुणाच्या गोळ्यांच्या वेळा, कुणाला घाटात होणारी मळमळ, एवढे सगळे बरोबर घेऊन तीन-चारशे किलोमीटर जायचे तर कोणीतरी घड्याळ हातात धरावेच लागते. पण या शिस्तीत एका गोष्टीला जागा नसते, आणि मला त्याच गोष्टीची बाजू मांडायची आहे. ती गोष्ट म्हणजे वाट वाकडी करणे.

आपल्या भाषेत हा शब्दप्रयोग कौतुकाने वापरला जातो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. 'एवढी वाट वाकडी करून भेटायला आला' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात येणाऱ्याच्या मायेची पावती असते. सरळ वाटेने आलेल्याला अशी पावती मिळत नाही. म्हणजे भाषेला जे कळते ते आपल्या प्रवासाच्या वेळापत्रकाला कळत नाही. हल्ली तर मोबाईलमधला नकाशाही या वेळापत्रकाच्या बाजूने उभा राहतो. गाडी जरा डावीकडे वळली की त्यातली बाई लगेच नवा मार्ग शोधू लागते आणि पुढच्या चौकातून मागे फिरायला सांगते. सर्वांत जवळचा रस्ता हाच सर्वांत चांगला रस्ता, हे तिने आधीच ठरवून टाकलेले असते.

कुटुंबाच्या प्रवासात ज्या गोष्टी ठरलेल्या असतात, त्या बहुतेक कर्तव्याच्या असतात. कुलदैवताला जायचे असते, कारण नवस फेडायचा राहिलेला असतो. आत्याकडे मुक्काम करायचा असतो, कारण नाही केला तर ती रागावेल. वाटेवरच्या एखाद्या लग्नाला हजेरी लावायची असते, कारण त्यांनी आपल्याकडच्या लग्नात आहेर केलेला असतो. यातले काहीही आपण सर्वस्वी आपल्या इच्छेने निवडलेले नसते. सगळ्या प्रवासात कुणाच्या तरी निव्वळ इच्छेपोटी होणारी गोष्ट एकच, ती म्हणजे वाकडी वाट. ती केली नाही तर कोणी रागावणार नसते आणि कोणता देव कोपणार नसतो. म्हणूनच ती मागावी लागते. आणि म्हणूनच ती कोण मागू शकतो आणि कोण मागू शकत नाही, यावरून त्या कुटुंबाची सारी रचना उघडी पडते.

आपण जरा आठवून पाहावे. देव वाट वाकडी करायला लावू शकतो. 'एवढ्या जवळून जातोय तर दर्शन घेऊन जाऊ' याला कोणी नाही म्हणत नाही. जावईबापू वाट वाकडी करायला लावू शकतात. लहान मूल भोकाड पसरून ती करायला लावू शकते. गाडी चालवणाऱ्याला चहाची तल्लफ आली तर त्यासाठी दहा किलोमीटर मागे जाऊन ठरावीक टपरी गाठण्यातही कोणाला वावगे वाटत नाही. पण घरातल्या बाईने, विशेषतः वयस्क बाईने, 'मला अमुक एक डोंगर पाहायचा आहे' असे म्हटलेले आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? बायकांना पाहण्याची हौस नसते, असे याचे उत्तर नक्कीच नाही. त्या मागत नाहीत याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. आपल्याकडे जो वाट वाकडी करायला लावतो, त्याच्या माथ्यावर त्या दिवसाचा पुढचा सगळा उशीर मारला जातो. टायर पंक्चर झाला तरी, 'तिकडे गेलो नसतो तर झाला नसता' असे कोणीतरी म्हणतेच. मागण्याची ही किंमत ज्यांना आयुष्यभर मोजावी लागली, ती माणसे हळूहळू मागायचेच सोडून देतात. मग घरातले लोक समाधानाने म्हणतात, 'तिला काही हौसच नाही हो!'

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आठ जण कोल्हापूरहून गोकर्ण, मुरुडेश्वर आणि कोल्लूरच्या मूकांबिकेला निघालो होतो. गाडी काकांची. बेळगाव, हुबळी, यल्लापूर, अंकोला असे करत सुमारे साडेतीनशे किलोमीटर कापून पहिल्या दिवशी गोकर्ण गाठले. डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वेळेवर संपली, महाबळेश्वराचे दर्शन वेळेवर झाले, सगळे कसे आखल्याप्रमाणे. दुसऱ्या दिवशी मुरुडेश्वर करून कोल्लूरला संध्याकाळच्या आरतीला पोचायचे होते. वाटेत होन्नावरला चहासाठी गाडी थांबली. तिथे डावीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाटी होती. माझ्या चुलतभावाने ती मोठ्याने वाचली, 'जोग फॉल्स.'

आजीने बशीतला चहा तसाच ठेवला आणि विचारले, "जोग म्हंजे गिरसप्पाच न्हवं का रे?"

आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. ती चौथीपर्यंत शिकली, तेव्हा उत्तर कानडा जिल्हा मुंबई राज्यात होता. १९५६ साली राज्यांची फेरमांडणी झाली आणि तो तिकडे गेला. धबधबा त्या जिल्ह्याच्या आणि म्हैसूरच्या सीमेवरचा. इंग्रजी अमदानीपासूनच तिथे मुंबईवाल्यांचा एक बंगला आणि म्हैसूरवाल्यांचा एक बंगला अशी वाटणी असे. त्यामुळे त्या पिढीच्या मराठी मुलांना गिरसप्पा हे नाव घरचे. आजीचे मास्तर भिंतीवरच्या नकाशावर छडी टेकवून शरावती दाखवायचे आणि एवढ्या उंचीवरून नदी खाली उडी घेते म्हणून सांगायचे. सत्तर वर्षे ते नाव तिच्या मनात होते, आणि आमच्यापैकी एकालाही ते माहीत नव्हते.

"एवढ्या लांब आलोय तर बघून जाऊया की," ती म्हणाली.

बाबांनी हिशेब सांगितला. "आई, साठ किलोमीटर जायला, साठ यायला. त्यात घाट. आरती चुकेल."

"बरं," आजी म्हणाली आणि तिने बशी उचलली.

हे 'बरं' प्रत्येक घरात ऐकू येते. त्यात तक्रार नसते, म्हणून ते कोणाला बोचत नाही. त्या दिवशी ते बोचले ते एकट्या काकूला. ती शांतपणे म्हणाली, "आरती उद्या सकाळीपण असते की." एवढ्या साध्या वाक्यावर उत्तर नव्हते. गाडी डावीकडे वळली.

होन्नावर सोडल्यावर रस्ता बराच वेळ शरावतीच्या काठाने जातो. घाटाच्या पायथ्याशी गेरसोप्पे नावाचे गाव लागते. इंग्रजांनी धबधब्याला याच गावाचे नाव दिले आणि मराठीत त्याचे गिरसप्पा झाले. धबधबा मात्र तिथून घाट चढून पुष्कळ वर आहे. सोळाव्या शतकात याच गेरसोप्प्यात चेन्नभैरादेवी या राणीची राजधानी होती. काळ्या मिरीच्या व्यापारावर तिची सत्ता इतकी पक्की होती, की पोर्तुगीज तिला मिरीची राणी म्हणत. त्या काळचे चार तोंडांचे एक जैन मंदिर तिथल्या रानात अजून उभे आहे. आमच्या वेळापत्रकात या राणीलाही जागा नव्हती. वाट वाकडी केल्याशिवाय ती आम्हांला भेटली नसती.

आता मुद्द्याची गोष्ट. आम्ही वर पोचलो तेव्हा धबधब्याला पाणी फारसे नव्हते. जोगचा कडा २५३ मीटर, म्हणजे आठशे फुटांहून अधिक उंच. त्यावरून पाणी चार धारांनी पडते. राजा सरळ सुळक्यासारखा कोसळतो, रोअरर नावाप्रमाणे गर्जत येतो, रॉकेट उसळत झेपावतो आणि राणी खडकावरून पदर पसरल्यासारखी उतरते. आम्हांला दिसला तो राजाचा एक दोर आणि राणीची एक पांढरी कड. बाकी दोघे नावापुरते. शेजारी उभ्या असलेल्या एका कुटुंबातला मुलगा "एवढंच?" म्हणाला, आणि आमच्यातही काहींच्या मनात तेच होते. बाबांनी घड्याळ पाहिले. आजी कठडा धरून उभी होती. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग खाली दरीत बघत म्हणाली, "मास्तरांनी सुदिक हा बघितला नसंल रे."

तुम्ही म्हणाल, पाणी नव्हते तर मग हा सव्वाशे किलोमीटरचा वळसा फुकट गेला नाही काय? मला तसे वाटत नाही. आणि पाणी का नव्हते, हे समजून घेतले तर विषय आणखी खोल जातो.

जोगच्या वरच्या अंगाला १९६४ साली लिंगनमक्कीचे धरण पुरे झाले. त्याच्याही आधी, १९४८ साली, तिथे पहिले वीजकेंद्र सुरू झाले होते. तेव्हापासून नदीचे बहुतेक पाणी कड्यावरून पडण्याऐवजी कालव्यांतून आणि नळांतून वीजघरात उतरते आणि चक्रे फिरवून पुन्हा खालच्या पात्रात येते. पावसाळ्यात धरण भरून दरवाजे उघडले तरच जोग पूर्वीसारखा कोसळतो. म्हणजे आपण धबधब्यासाठी वाट वाकडी करतो, आणि धबधब्याच्या पाण्याला माणसाने आधीच वाकडी वाट धरायला लावलेली असते. यात कुणा परप्रांताला नावे ठेवण्याचे कारण नाही. आपल्या कोयनेचे पाणी आपण असेच वळवले आहे. पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळणारी ती नदी. तिचे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीच्या वीजघरात नेले आणि तिथून ते वाशिष्ठीत सोडले. हा लेख ज्या दिव्याखाली मी लिहितो आहे, त्यात अशाच कुठल्या तरी वळवलेल्या पाण्याचा अंश असेल. दिवा हवा आणि धबधबाही हवा, असा दुहेरी हट्ट आपण धरू शकत नाही. पण दिव्याची किंमत कोणत्या नदीने मोजली, हे एकदा डोळ्यांनी पाहून यावे, एवढे तरी आपले कर्तव्य आहे. कोरडा कडा पाहणे हेसुद्धा पाहणेच आहे.

आणि किंमत मोजणारी नदी एकटी नव्हती. लिंगनमक्कीचे पाणी पसरले तेव्हा शेते आणि गावे बुडाली आणि तुमरी-सिगंदूर भागातली माणसे जलाशयाच्या पलीकडे अडकून पडली. तालुक्याच्या गावी, सागरला, यायचे तर एक लाँचने यावे, नाहीतर रानातून लांबचा वळसा घ्यावा. दवाखाना, बाजार, कॉलेज, सगळ्यासाठी हेच. जलाशयावरचा पूल वाहतुकीला खुला झाला तो जुलै २०२५ मध्ये. म्हणजे सुमारे साठ वर्षे या लोकांनी दुसऱ्यांच्या विजेसाठी आपली वाट वाकडी केली. आपण हौसेने जे एकदा करतो, ते कुणाला तरी रोज सक्तीने करावे लागते. वाट वाकडी करणे हा हक्क आहे असे मी म्हणतो, तेव्हा त्याची ही दुसरी बाजू मला विसरायची नाही. स्वतःच्या इच्छेने केलेला वळसा आणि दुसऱ्याने लादलेला वळसा, दोन्हींत किलोमीटर सारखेच असले तरी ते एकाच मापाने मोजता येत नाहीत.

जोगच्या त्या जुन्या वीजकेंद्राला पुढे महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. या नावाशी एक मजेदार आणि विचार करायला लावणारी हकीकत जोडलेली आहे. ती सांगितली आहे काका कालेलकरांनी, म्हणजे साताऱ्यात जन्मलेल्या आणि आयुष्यभर नद्यांमागे हिंडलेल्या आपल्याच माणसाने. १९२७ साली गांधीजी खादीच्या दौऱ्यावर म्हैसूर संस्थानात होते. त्या वर्षी त्यांची प्रकृती ढासळली होती आणि नंदीच्या डोंगरावर त्यांना सक्तीची विश्रांती घ्यावी लागली होती. दौरा सागरला आला. तिथून जोग अगदी हाताच्या अंतरावर. कालेलकरांनी गांधीजींना धबधबा पाहायला चलण्याचा आग्रह केला. गांधीजी नको म्हणाले. हाती घेतलेले काम सोडून असे हिंडणे त्यांना पटेना. कालेलकरांनी उंचीची मोहिनी घालून पाहिली, तर गांधीजींनी उलट विचारले, की आभाळातून पडणारा पाऊस त्याहून किती उंचावरून पडतो? कालेलकर मात्र गेले आणि तृप्त होऊन आले.

एवढ्यावर ही हकीकत थांबली असती तर ती कर्तव्यनिष्ठेची एक सुंदर गोष्ट ठरली असती. ज्याने आपले सारे आयुष्य एका कामाला वाहिले, त्याने धबधबा नाकारला तर त्यापुढे आपण हात जोडावेत. पण कालेलकरांनी पुढे विचारले होते, की निदान महादेवभाईंना तरी पाठवा. त्यावर गांधीजींनी सांगितले, की महादेव येणार नाही. त्याचा गिरसप्पा मीच आहे. वाक्यात प्रेम आहे, विनोद आहे आणि ते खरेही असेल. महादेवभाई देसाईंना कदाचित खरोखरच जायचे नसेल. तरीही ही हकीकत वाचताना मी दर वेळी इथे अडखळतो. उत्तर दिले ते गांधीजींनी. महादेवभाईंना कोणी विचारले नाही.

माझा सगळा मुद्दा या एका प्रसंगात आहे. स्वतःचा धबधबा सोडून देणे हा त्याग आहे. दुसऱ्याचा धबधबा त्याच्या वतीने सोडून देणे याला काय म्हणायचे? आपल्या घराघरांत हे रोज घडते, आणि तेही प्रेमानेच घडते. 'आईचे गुडघे दुखतात, तिला नाही झेपायचे.' 'काकू कुठे येतेय, तिला मुलांचे करण्यातच आनंद.' 'आजीला काय कळायचेय त्यातले?' ज्याच्याविषयी बोलले जाते ते माणूस तिथेच, हाताच्या अंतरावर बसलेले असते. त्याला विचारायचा वेळ तेवढा नसतो. गांधीजींपाशी निदान देशाचे काम होते. आमच्यापाशी नऊच्या आत हॉटेलात पोचणे होते.

याला विरोध करणारे दोन मुद्दे गंभीर आहेत आणि त्यांची दखल घेतल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

पहिला मुद्दा पैशाचा. सव्वाशे किलोमीटर म्हणजे इंधन, इंधन म्हणजे पैसा, आणि मध्यमवर्गीय घरात सहलीचे पैसे वर्षभर बाजूला टाकून जमवलेले असतात. हे खरे आहे. पण त्याच सहलीत नातेवाइकांसाठी न्यायच्या काजूंवर आणि पिशव्यांवर किती खर्च होतो, हेही एकदा मांडून पाहावे. खर्चाला आपला विरोध नसतो. आपला विरोध असतो तो दाखवता न येणाऱ्या खर्चाला. काजू वाटता येतात. आजीने कठड्यापाशी काढलेली वीस मिनिटे कोणाला वाटणार?

दुसरा मुद्दा जिवाचा, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यांत चार मुले होती. पाणी अचानक वाढले आणि खडकावर एकमेकांना धरून उभी असलेली माणसे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेली. तेव्हापासून पावसाळ्यात धबधबा म्हटले की आयांच्या पोटात गोळा येतो, आणि तो यावा हे रास्तच आहे. मात्र धबधबा पाहायला जाणे आणि धबधब्यात उतरणे यांत फरक आहे. आपल्याकडे कशाला तरी हात लावल्याशिवाय, त्यात भिजल्याशिवाय, त्यापुढे स्वतःचे छायाचित्र काढल्याशिवाय ते पाहिले असे कोणाला वाटत नाही. पाण्याचे जोर आणि खडकाचे शेवाळ आपल्या हौसेला ओळखत नाहीत. वाट वाकडी करावी ती डोळ्यांसाठी, आणि कठड्याच्या अलीकडे उभे राहून. जी माणसे पाहून परत येतात, तीच पुढच्या वर्षी पुन्हा जातात.

आता आमच्या सहलीचा राहिलेला भाग सांगून टाकतो, कारण त्यात माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे. मुरुडेश्वर त्या दिवशी राहूनच गेले. कोल्लूरला आम्ही रात्री साडेनऊला पोचलो. आरती चुकली होती आणि जेवणही नीट मिळाले नाही. केळी आणि चिवड्यावर भागवताना कोणीतरी म्हणालेच, "धबधबा बघायची हौस ना!" म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. पण ते वाक्य आजी आणि काकू यांच्या मधोमध येऊन पडले, आणि दोघींनी ते न बोलता वाटून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळची आरती सगळ्यांना मिळाली, मुरुडेश्वर परतीच्या वाटेवर झाले. म्हणजे देवाधर्माचे काहीच बुडाले नाही. पण येताना आजीने वाटेत काही मागितले नाही. हुबळीला चहा हवा का, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही थांबणार असलासा तर."

माझे मागणे एवढ्याचसाठी आहे. कुटुंबाची असो की कॉलेजची, प्रत्येक सहल आखताना त्यात निदान अर्धा दिवस मोकळा सोडावा. तो कोणत्याही देवाच्या, नातेवाइकाच्या किंवा दुकानाच्या नावे आधी लावून टाकू नये. त्या अर्ध्या दिवसात कुठे जायचे हे ज्याने आजवर काही मागितले नाही त्याला विचारावे, आणि त्याने पहिल्यांदा 'काही नको' म्हटले तर ते उत्तर धरू नये, पुन्हा विचारावे. तिसरी अट सर्वांत कठीण आणि सर्वांत महत्त्वाची आहे. त्यानंतर होणारा उशीर सगळ्यांच्या नावावर मांडावा, मागणाऱ्याच्या नव्हे. पहिल्या दोन अटी पाळून ही तिसरी मोडली, तर पुढच्या सहलीत कोणी मागणार नाही.

आपण विद्यार्थी या बाबतीत घरच्या मोठ्यांहून वेगळे आहोत असे मानायचे कारण नाही. तासाला एखादे सर अभ्यासक्रमाची वाट सोडून पाच मिनिटे दुसरीकडे वळले, की मागच्या बाकावरून प्रश्न येतो, 'सर, हे परीक्षेत येणार का?' हा प्रश्न म्हणजे बाबांचेच घड्याळ आहे. आणि ज्या प्राध्यापकांनी या प्रश्नाला कंटाळून वळणेच सोडून दिली, त्यांना मी दोष देत नाही. त्यांनीही आपल्या पुरता 'बरं' म्हणून टाकला आहे. पण शिक्षणातले आपल्याला पुढे काय आठवते? एका प्राथमिक शाळेच्या मास्तरांनी नकाशावर छडी टेकवून सांगितलेली एक नदी एका बाईला सत्तर वर्षे आठवत राहिली. ती परीक्षेत आली होती की नाही, हे तिला आठवत नाही.

या सुट्टीत आपल्यापैकी अनेक जण घरच्यांबरोबर कुठे ना कुठे जातील. मुक्कामाचे गाव ठरलेले असेल, गाडी ठरलेली असेल, निघण्याची वेळही ठरलेली असेल. निघण्यापूर्वी मागच्या बाकावर बसणाऱ्या माणसाला एवढे तरी विचारावे, की तुला वाटेत कुठे थांबायचे आहे का. उत्तर ऐकून आपल्याला आश्चर्य वाटण्याचा संभव आहे.